नकाशात नसलेली विहीर

गावाच्या विकास आराखड्याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तेव्हा मी शाळेतले शिकवायचे तास संपवून परस्पर बघायला गेले. आमच्या सुपारीच्या वाडीतून एक नवा रस्ता आखला होता, बरोबर विहिरीवरून. शेजारच्या वाडीपाशी येऊन तोच रस्ता चक्क वळसा घेत होता. शेजारी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ, माजी सरपंच. मी काय ते समजले.

नवरा म्हणाला, "आपलंच माणूस आहे. बोलून बघू."

"तुम्ही बोला. मी हरकत घेते," म्हटलं. सातबारा, विहिरीचे फोटो, सगळं जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली.

सुनावणी अलिबागला होती. मुरुडहून पहिली एसटी पकडली आणि दुपारी दोनपर्यंत बाकावर बसून राहिले. समोरच्या बाकावर भावोजी, पांढरेशुभ्र कपडे घालून. त्यांना शिपायाने चहा आणून दिला. मला पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही.

आत साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "इथे विहीर दिसत नाही, मॅडम."

"नकाशात दिसत नाही. वाडीत आहे. आज सकाळी पाणी काढून आलेय."

"जागेची पाहणी झालेली आहे."

"कधी? कोण आलं होतं? मी तिथेच राहते."

साहेबांनी कागद उलटला. मागून भावोजी म्हणाले, "वहिनी, गावाच्या चांगल्यासाठी चाललंय. आडव्या येऊ नका."

मी वळले. "मग तुमच्या वाडीतून जाऊ दे ना सरळ. गावाचं दुप्पट चांगलं होईल."

कोणीतरी हसलं. भावोजींचं तोंड लाल झालं. त्या एका क्षणाचा आनंद मी अजून पुरवून पुरवून खाते, कारण दुसरं काही हाती आलं नाही. काही महिन्यांनी पत्र आलं: 'जनहितार्थ हरकत अमान्य.' कारण नाही, विहिरीचा उल्लेख नाही.

रस्ता अजून झालेला नाही. होईल की नाही, हे त्या कचेरीतही कुणी सांगत नाही. पण आमच्या वाडीवर रस्त्याच्या आरक्षणाचा शिक्का बसलाय, म्हणून मागच्या पडवीला दोन खोल्या काढायची परवानगी मिळत नाही. भावोजींच्या वाडीत मात्र पर्यटकांसाठी कॉटेज उभी राहिली.

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका द्यायला ते स्वतः आले, ओटीवर बसले, म्हणाले, "झालं गेलं विसरा."

"तुम्ही आराखडा बदलून आणा," मी म्हटलं, "मी लगेच विसरते."

नवरा एकटाच जेवून आला. पंगतीत सगळे माझी चौकशी करत होते म्हणे. मी त्याला विचारलं, "मग काय सांगितलंत?"

"बरं नाही म्हणालो."

त्या रात्री मी त्याच्याशीही बोलले नाही. मला काही झालेलं नव्हतं. मी गेले नव्हते, आणि तेच त्याने सांगायला हवं होतं.