पडद्यावरचा हिरवा डाग

काल पूजेचा प्रसाद खायला अख्खी गल्ली माझ्या दुकानात आली, पण स्पीकर गेमच्या मशीनला चिकटवून ठेवू नका असं एकानंही सांगितलं नाही. असो, रामराम. आज सकाळी काय झालं ते गल्लीच्या या फळ्यावर लिहिते, सगळ्यांनी वाचा.

खंडेनवमीला लोखंडाची पूजा करतात, म्हणून मी व्हिडिओ गेमचं मशीन आणि देवीच्या मंडळाचा मोठा स्पीकर खेटून ठेवले आणि दोघांना एकच माळ घातली. आज मशीन लावलं तर चित्राच्या कोपऱ्यात हिरवा, काळपट डाग. मी मागचं उजेडाचं बटण पिळलं. बाकीचं चित्र पांढरंफटक झालं, डाग तिथंच.

रेडिओ दुरुस्त करणारा शंकर आला. "आजी, हे बटण कोणी पिळलं?"

"मीच. अंधारलं की वात मोठी करतात, एवढं कळतं मला."

"ही वात नाय. स्पीकरमधलं लोहचुंबक काचेमागच्या लोखंडी जाळीला बाधलंय. ते उतरवायला वीज सोडलेलं तारेचं वेटोळं लागतं, नाशकात कोणाकडं बघितलं नाय मी." उजेड तेवढा त्यानं जागेवर आणला.

स्पीकर लांब नेला तरी डाग हलला नाही. परवा निफाडहून मशीनचा मालक भाडं घ्यायला येणार. डाग दिसला की तो मशीन उचलून नेणार, आणि ते चालवणाऱ्या माझ्या विधवा सुनेच्या हाताला दुसरं काम नाही. मला आता त्या बटणाला हात लावायचीही भीती वाटते.

ज्यानं असा डाग स्वतःच्या हातानं घालवलाय, त्यानंच खाली लिहावं. लिंबू उतरवा म्हणणाऱ्यांनी खडूला हात लावू नये.