एका हाताची पोळी

“आधी ते दार लावा,” हे त्यांचं आमच्या ऑफिसातलं पहिलं वाक्य असायचं. दुसरं, “तुमच्यावर विश्वास नाही असं नाही.” पुण्यात या वाक्याचा अर्थ काय होतो, ते आपल्याला सांगायला नको.

सदाशिव पेठेत एका पेटंटवाल्या मॅडमकडे मी यंत्रांच्या आकृत्या काढतो. लोक शोध लावतात, मी तो कागदावर उतरवतो, मॅडम सरकारकडे अर्ज करतात. दार लावायला सांगणारे हे गृहस्थ कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. दर मंगळवारी कर्वेनगरहून स्कूटरवर यायचे. शोध लावला होता, पेटंट हवं होतं. फक्त शोध काय आहे, ते सांगायचं नव्हतं.

“अहो, न सांगता अर्ज कसा करायचा?” मॅडम विचारत.

“आणि तुम्हीच पळवलात तर?”

“काका, पेटंट म्हणजे सौदा असतो. तुम्ही युक्ती जगाला सांगायची. त्याबदल्यात वीस वर्षं ती तुमच्या परवानगीशिवाय कुणी वापरायची नाही.”

“जगाला?” मॅडमनी घराची किल्ली लक्ष्मी रोडवर टांगायला सांगितल्यासारखे ते दचकत.

एकदा मी विचारलं, “निदान वस्तू गोल आहे की चौकोनी?” त्यांनी बराच विचार केला. “नको. तेवढ्यावरून तुम्ही ओळखाल.”

अशी तीन वर्षं गेली. मग एका मंगळवारी त्यांच्या पत्नी बरोबर आल्या. डावा हात अर्धांगवायूने गेलेला. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सगळं सांगून टाकलं. तेवढा वेळ हे खिडकीखाली कुणी उभं आहे का, ते बघत होते.

शोध म्हणजे एक पोळपाट. लाटणं दाबलं की आपोआप थोडा थोडा फिरणारा. एका हाताने गोल पोळी. “माझ्या पोळ्या माझ्या मीच करणार,” असं बाई आजारपणानंतर म्हणाल्या होत्या, म्हणून यांनी सहा महिने खपून तो बनवला होता. इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांची टिंगल करत होतो. त्या दिवशी करवली नाही.

मॅडमनी आधीचे अर्ज तपासले. वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मुलीने तसाच पोळपाट दोन वर्षांपूर्वी नोंदवला होता.

“बघा! चोरलाच!”

“तुम्ही कुणाला सांगितलं होतंत?” मॅडमनी विचारलं.

“कुणालाच नाही.”

बोलून झाल्यावर ते त्यांच्याच ध्यानात आलं. मग म्हणाले, “पण आमच्या घरी तो आठ वर्षं वापरात आहे.”

“कुणी पाहिलाय? उघड वापर असेल, तर तिच्या अर्जाला हरकत घेता येईल.”

“कसा पाहील? पोळ्या होईपर्यंत मी स्वयंपाकघराला कडी लावतो.”

“बायका विचारायच्या,” बाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “एका हाताने इतक्या गोल पोळ्या कशा हो करता? मला सांगायचं असायचं. आठ वर्षं नुसती हसत राहिले.”



ते वाघोलीला भांडायला गेले. पुढच्या मंगळवारी आले ते जरा मऊ होऊन. “मुलगी हुशार आहे. आजीसाठी केलाय म्हणे. पण स्प्रिंग चुकीच्या जागी बसवलीय. पोळीला चालेल, पुरणपोळीला अडकणार.”

“सांगितलंत तिला?”

“छे! मी काय खुळा आहे?”

त्यानंतरच्या मंगळवारी ते आले नाहीत. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं, असं फोनवर कळलं.

महिन्याभराने बाई रिक्षातून आल्या, पोळपाट मांडीवर घेऊन. मी स्क्रू काढले. काकांनी स्प्रिंग जिथे बसवली होती, ती जागा मला कधीच सुचली नसती. इतकी साधी. आणि कुणालाच ठाऊक नसल्यामुळे ती अजून नवीच होती. तेवढ्या सुधारणेचं पेटंट मागता येणार होतं. शोध लावणारा म्हणून त्यांचं नाव, वारस म्हणून बाईंची सही. त्या सही करत असताना मी कागद धरून ठेवला.

“त्या मुलीलाही सांगा हो,” त्या म्हणाल्या, “पुरणाचं.”

“सांगू.”

“आणि हे आता छापून येणार? कुणालाही वाचता येणार?”

“हो. आकृत्यांसकट. जगात कुणालाही.”

पेन खाली ठेवून त्या खुदकन हसल्या. मग पदराने डोळे पुसले.

“मग बरं झालं बाई,” म्हणाल्या, “ते आधीच गेले.”