कॉलर माइकमध्ये आलेलं नाव

लग्नाच्या फोटोत पांढरा ठिपका दिसला की लोक भूतच समजतात आणि घाबरून मला फोन करतात. मी सांगतो — लेन्सवर धूळ होती, झोपा आता. सोलापुरात इतकी वर्षं लग्नं शूट करतोय, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का, ते मात्र विचारू नका.

नवा कायदा आल्यापासून पोलिसांना जबाबाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं. आमच्या भागातल्या ठाण्यात अडचण आली की साहेब मला बोलावतात. त्या दिवशी भर दुपारी गेलो, तर समोर बसलेला म्हातारा ओळखीचा निघाला. वळसंगकडचे बसप्पाकाका. त्यांच्या मुलाचं, शिवानंदचं लग्न मीच शूट केलं होतं. त्याची बायको गौरा विहिरीत मेलेली सापडली होती, आणि काका स्वतःहून हजर झाले होते.

मी त्यांच्या कॉलरला माइक लावला. साहेबांनी शांतपणे विचारलं. काका म्हणाले, "सुनंला म्याच ढकललं." खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

सवयीप्रमाणे मी हेडफोन लावून तपासलं. नाव, गाव, सगळं स्वच्छ... आणि नेमकं त्या वाक्याला काकांचे ओठ हलतायत, आवाज मात्र बाईचा. हळू, लाजल्यासारखा.

"शिवानंदरावांचं नाव घेते..."

लग्नात नवरी उखाणा घेते ना, अगदी तसं. मी हेडफोन काढून साहेबांच्या हातात दिला. साहेब म्हणाले, जुनं काहीतरी मिसळलं असेल. कोरं कार्ड घातलं, दुसरा माइक लावला, काकांना पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा तेच.

शिवानंद बापासाठी डबा घेऊन बाहेर बसला होता. साहेबांनी त्याला आत बोलावून ते ऐकवलं. ऐकता ऐकता तो भिंतीला टेकत खाली बसला.

"आप्पा, बास आता. म्या ढकललं तिला."

हे मात्र स्वच्छ रेकॉर्ड झालं.

काका माझ्याकडं वळले. "म्या कसंबी दिवस काढलं असतं आत," ते म्हणाले. "तुज्या मशिनीनं माजं एकुलतं पोरगं नेलं की रं."

मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. गौराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

घरी येऊन लग्नाची फाइल उघडली. तिचा तिथलाच आवाज कुठूनतरी घुसला असणार, असं मनाला समजावत होतो. उखाण्याची वेळ आली. बायका मागे लागल्यात, कॅमेऱ्यामागून मीही "घ्या की वहिनी" म्हणतोय. गौरा तोंडाला पदर लावून हसते, नुसती मान हलवते... शेवटपर्यंत नाव घेतच नाही.

पुढचं-मागचं सगळं शूटिंग तपासलं. तिचा आवाज माझ्याकडं कुठंच नाही. मग त्या दुपारी माझ्या माइकमध्ये तो आला कुठून, हे मला आजही सांगता येत नाही.