वहीतले माझे कोरे पान

आजाराविषयी लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मी इंटरचा विद्यार्थी, आमच्या घरात शाईने लिहिणारा पहिलाच. काही चुकीचे लिहिले गेले तर वाचणाऱ्यांनी क्षमा करावी. पण ही साथ पुन्हा आली आणि माझ्यासारखा कोणी दवाखान्यात पडला, तर त्याने माझ्यासारखे गप्प राहू नये, एवढ्यासाठी लिहितो.

"इन्फ्लुएन्झा," डॉक्टरसाहेब म्हणाले. सत्तावन्न सालचा पावसाळा, अमरावतीचा दवाखाना, शुक्रवार. आदल्या दिवशी मला ताप भरला होता. अंग मोडून आले होते, डोळ्यांच्या मागे ठणकत होते, घसा सोलल्यासारखा झाला होता. त्यांनी समजावले, हे साधे पडसे नव्हे. खोकणाऱ्याच्या तोंडातून बारीक थेंब उडतात, त्यांना ड्रॉपलेट म्हणतात. जवळ बसलेल्याच्या नाकातोंडात ते गेले की रोग शिरतो. शिरल्यापासून ताप येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. त्या मुदतीला इन्क्युबेशन पिरियड असे नाव आहे.

साथ कोणाला गाठते आणि कोणाला सोडते, याचा डॉक्टरसाहेब माग काढत होते. त्यासाठी त्यांनी एक जाड वही केली होती, प्रत्येक रोग्याला एक पान. घरात माणसे किती, खोल्या किती? एका पांघरुणात कोण निजले? ताप येण्याआधी हातभर अंतरावर कोण बसले होते?

शेजारच्या खाटेवर अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारे एक काका होते. त्यांनी लगेच उत्तर दिले, "मले त माह्या साळ्यानं देलं, साहेब. लग्नात काई देलं नाई, आता हे देलं!" सगळा वॉर्ड हसला आणि सगळा वॉर्ड खोकला.

मग माझी पाळी आली.

"हातभर अंतरावर कोण होतं?"

"कोणी नाही, साहेब."

त्यांनी पेन थांबवले. "खोलीत एकटा, जेवायला एकटा, वर्गात शेवटच्या बाकावरही एकटा. मग हा तुझ्यापर्यंत आला कसा?"

माझे पान कोरे राहिले.

आम्ही मूळचे बार्शीटाकळीचे. आदल्या वर्षी आम्ही बौद्ध झालो होतो, पण त्यामुळे कॉलेजातल्या बाकावर माझ्या शेजारी कोणी येऊन बसले नव्हते. म्हणून माझे उत्तर कोणालाही खरे वाटले असते. ते खरे नव्हते. वासुदेव होता.

वासुदेव दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या घरचा, अमरावतीत राजापेठेत मामाकडे राहून शिकत होता. इकॉनॉमिक्सचे पुस्तक आम्हा दोघांत एकच. तो दुपारी माझ्या टिनाच्या खोलीवर येई आणि एका पुस्तकावर दोन डोकी टेकवून आम्ही वाचत असू. माझ्या भाकरीतली अर्धी तो न विचारता खाई. "मामाले सांगशीन त पाय मोडीन तुहे," असे हसत म्हणे. एकदा हसणे थांबवून म्हणाला, "खरंच नको सांगू गड्या. घरातून काढून देईन तो मले." मी शब्द दिला होता.

मंगळवारी तो शिंकतच आला आणि पुस्तकावर खोकत बसला. गुरुवारी दर्यापूरला गेला. त्याची ताई बाळंतपणासाठी माहेरी आली होती, दिवस भरत आले होते.

शनिवारी डॉक्टरसाहेब काकांना सांगत होते, घरी गेल्यावर कोणाला जपायचे. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि पोटुशी बाई. "तिच्या छातीत उतरला तर न्यूमोनिया होतो, म्हणजे फुफ्फुसाला सूज येते. मग आई आणि मूल, दोघांच्याही जिवाला धोका."

मी उठून बसलो. "साहेब, माझं उत्तर खोटं होतं."

सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी जो प्रश्न विचारला तो वहीत नव्हता.

"तो आता कुठं आहे?"

त्यांनी उभ्यानेच चिठ्ठी लिहिली आणि दुपारच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ दर्यापूरच्या डॉक्टरांसाठी दिली. मला म्हणाले, "तुझं नाव घातलं नाही. फक्त त्याच्या घरचा पत्ता." मग खाली बसून त्यांनी माझे पान भरले.

रविवारी बाबा भेटायला आले. मी शब्द मोडला, हे त्यांना सांगताना मला रडू आले. बाबा मजुरी करतात, फार बोलत नाहीत. माझ्या पायांवर घोंगडी सारखी करत म्हणाले, "बेस केलं सांगतलं ते. लेक कोनाची का असंना."

आठवड्याने मला दवाखान्यातून सोडले. मी पुन्हा कॉलेजात जाऊ लागलो. वासुदेव मात्र कॉलेजात आला नाही. त्याच्या मामाच्या दारात जाऊन विचारण्याची मला सोय नव्हती. डॉक्टरसाहेबांनाही दर्यापूरहून उत्तर नव्हते. इकॉनॉमिक्सचे पुस्तक माझ्याजवळ तसेच पडून राहिले. एकट्याने ते वाचवेना.

ज्यांनी माझ्या खोट्यापेक्षा एका अनोळखी बाईची काळजी आधी केली, त्या डॉक्टरसाहेबांचे उपकार मी विसरणार नाही. आपल्याजवळ कोण बसले होते, हे सांगायला मला लाज आणि भीती दोन्ही वाटली. तुम्हांलाही वाटेल. तरी सांगा.

दवाखान्यातून सुटल्यावर तीन आठवड्यांनी कार्ड आले. अक्षर वासुदेवचे होते.

"ताईले पोरगी झाली. दोघी चांगल्या आहेत. चिठ्ठी आली त्या सांजेपासून मायनं मले गोठ्याजवळच्या खोलीत टाकलं, ताईच्या दारातही उभं राहू देलं नाही. बाबाले मातर ताप आला, आता उतरला. मायनं विचारलं, हे कोनाजवळ बसून आनलं रे? म्या म्हटलं, आनलं कुठून ते मले ठाऊक नाही, पन देलं कोनाले ते ठाऊक आहे. आन तुहं नाव सांगून टाकलं. मामाले कळलं. त्यानं माही ट्रंक ओसरीवर आनून ठेवली म्हनतात. सोमवारी येतो. तुह्या खोलीत दोन खाटा मावतात का, मोजून ठेवजो."