शेअर टॅक्सीतली शेवटची सीट

नाशिकहून मुंबईला शेअर टॅक्सीने जायचं तर गाडीत पहिल्यांदा बसायचं नाही, हा माझा शोध. चार माणसं झाल्याशिवाय टॅक्सी हलत नाही. पहिला बसलेला बिचारा काच खालीवर करत ताटकळतो. शेवटचा येतो आणि गाडी सुटते. शिवाय एका सीटसाठी अडलेला ड्रायव्हर भाड्यातही थोडं सोडतो. म्हणून नाशिकच्या द्वारका चौकात, टॅक्स्या लागतात तिथल्या टपरीवर चहा घेत, आपला मुंबईशी काही संबंधच नाही असा चेहरा करून उभं राहायचं आणि आत तीन डोकी दिसली की पुढे व्हायचं. नोकरीपायी मी सतत मुंबईच्या वाऱ्या करतो, त्यामुळे अशा युक्त्या माझ्याकडे ढिगाने आहेत. कुणी विचारत नाही, तरी सांगतो.

लेक नोकरीसाठी जर्मनीला निघाली तेव्हा तर मला ऊतच आला. बॅगेचं वजन वाढू नये म्हणून दोन्ही स्वेटर आणि जाड कोट अंगावरच घाल, असं मी तिला बजावलं. विमानतळापर्यंतची गाडीही मीच ठरवली. लहान, सीएनजीवरची, स्वस्तातली. सीएनजीची टाकी डिकीत असते हे गाडी दारात आल्यावर लक्षात आलं. एक बॅग पुढच्या सीटवर गेली, दुसरी मागे मायलेकींच्या मधे.

"अहो, आता तुम्ही कुठे बसणार?" बायकोने विचारलं.

"तुम्ही व्हा पुढे. माझा नेहमीचा रस्ता आहे. तुमच्या आधी पोचतो."

लेक काचेतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "बाबा, मी आत जायच्या आधी या हं. एकदा आत गेलं की परत बाहेर सोडत नाहीत."

मी द्वारकेला आलो. टॅक्सी उभी, आत कुणी नाही. लगेच बसलो असतो तर तो मी कसला! चहा सांगितला. टपरीवर आणखी तिघं होते. एक लॅपटॉपची बॅग अडकवलेला, एक बाई पेपरात तोंड खुपसून बसलेल्या, आणि एक टोपीवाले गृहस्थ, जे उगाच आभाळाकडे बघत होते. यांना काय, निवांत आहेत, असं मनात आलं. मी मात्र सारखा घड्याळ बघत होतो. समोरून मुंबईची एक बस गेली. सोडली, कारण टॅक्सी आता भरेलच. दुसरी गेली. तीही सोडली, कारण इतका वेळ थांबल्यावर आता बसने जायचं म्हणजे थांबणं फुकटच की.

फोन वाजला. "बाबा, बसलात का?"

"बसलोय," मी टपरीच्या बाकावरून म्हणालो. खोटं नव्हतं.

मी दुसरा चहा सांगितला. शेवटी ड्रायव्हर उठला, कपडा झटकला आणि म्हणाला, "गिऱ्हाईक नाय आज. घरी जाऊन जेवतो."

त्याने चावी फिरवली मात्र, टपरीवरचे आम्ही चौघंही धावलो. चौघंही! लॅपटॉपवाल्याने पुढची सीट पटकावली. मी मागे मधे चेपलो गेलो आणि टोपीवाल्यांवर उखडलो, "अहो, मुंबईलाच जायचं होतं तर आधी बसायचं ना!"

"आता घ्या!" ते म्हणाले. "तुम्हीच शिकवलं ना साहेब? मागच्या खेपेला घाटात. पयले बसायचं नाय म्हणून. मी लासलगावचा, कांद्याचा. वळखलं नाय?"

ओळखलं. त्या दिवशी हे ज्ञान मी अख्ख्या टॅक्सीला वाटलं होतं. भाड्यात ड्रायव्हरने काही सोडलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुढचा सगळा रस्ता मी पायाने नसलेला ब्रेक आणि नसलेला अ‍ॅक्सिलरेटर दाबत काढला. घोटीला ट्रकांची रांग, भिवंडीला त्याहून मोठी. लेकीचा फोन आला, "बाबा, काउंटर बंद होईल म्हणतायत. जाऊ?"

"जा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

विमानतळावर पोचलो तेव्हा बायको काचेला कपाळ टेकून उभी होती. पलीकडे लेक, कानाला फोन. दोन स्वेटर, त्यावर कोट. चेहरा लालबुंद. मी बायकोच्या हातातला फोन घेतला.

"वजन झालं का गं?"

"झालं की. बॅगा गेल्यासुद्धा."

"मग काढ ना तो कोट! उकडत नाही का?"

"तुम्हीच म्हणालात, विमानात बसेपर्यंत काढायचा नाही." ती हसली, बाहीने डोळे पुसले. मग म्हणाली, "घाम आहे, बाबा." मी काचेवर हात ठेवला. तिनेही ठेवला. काच एसीने गार पडलेली. मागून कुणीतरी तिला पुढे व्हायला सांगितलं आणि ती लोकरीचं गाठोडं होऊन गर्दीत दिसेनाशी झाली.

परतायला तीच लहान गाडी होती. आता भरपूर मोकळी. मी दार धरून उगाच उभा राहिलो.

"बसा," बायको आतून म्हणाली, "का अजून तिघं यायची वाट बघायचीय?"