मामांची पेटी, मामीची पिशवी

माझे मामा रेल्वेत मोठे अधिकारी होते. मालधक्क्यावर कारकून म्हणून चिकटले आणि चढत चढत विभागातल्या सगळ्या गाड्यांचे कर्तेधर्ते झाले. घरातही खाक्या तोच. न्हाणीघरात कुणी रेंगाळलं की बाहेरून आरोळी यायची, "लाइन मोकळी करा!"

चाळिशीत रेल्वेच्या डॉक्टरांनी त्यांना फ्रीमेसन मंडळींत ओढलं. ही जगभर पसरलेली जुनी बंधुसंघटना. तिची सभा, म्हणजे लॉज, बंद दाराआड भरते आणि आतलं बाहेर बोलायचं नाही अशी शपथ असते. महिन्यातून एका संध्याकाळी मामा काळा सूट चढवून, चपटी चामडी पेटी काखोटीला मारून निघायचे.

"आत करता तरी काय?" मामीनं विचारलं.

"सांगता येत नाही."

"मलासुद्धा?"

"शपथ म्हणजे शपथ."

मामीनं वाद घातला नाही. पुढच्या महिन्यात त्याच संध्याकाळी तीही कापडी पिशवी घेऊन निघाली.

"कुठं?"

"सांगता येत नाही."

मामांच्या जिवाला घोर लागला. कुठली गाडी कुठं आहे हे बसल्या जागी सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचा ठावठिकाणा लागेना! त्यांनी मला, सख्ख्या भाचीला, फितवून पाहिलं. मला ठाऊक होतं, पण मामीनं मलाही शपथ घातली होती. मामीला खोदून विचारायची सोय मामांनी स्वतःच घालवली होती, त्यामुळे ते नुसते चडफडत राहिले.

एकदा लॉज ऐन भरात असताना निरोप आला, की स्टेशनाबाहेर मालगाडीचे डबे घसरलेत आणि मागची पॅसेंजर अडकलीय. मामा होते तसे धावत सुटले. अडकलेले प्रवासी रुळांच्या कडेनं चालत फलाटावर येत होते. मामा हुकूम सोडत होते. पण हुकूम ऐकायचं सोडून जो तो त्यांच्या पोटाकडे टकामका बघत होता.

तेवढ्यात प्रवाशांमधून मामी पुढे आली. केस ओलेचिंब, डोळे लाल.

"अहो, हे काय नेसलात?"

मामांनी खाली पाहिलं. कमरेला निळ्या काठाचा पांढरा ॲप्रन, त्यावर गवंड्याचा काटकोनी गुण्या आणि कंपास यांचं चित्र. लॉजमधला खास पोशाख, जो बायकोनं कधी पाहिला नव्हता, तो आता अख्ख्या फलाटानं पाहिला होता.

"ते राहू दे. तुझे केस कशानं भिजले?"

"पोहायला शिकतेय. पलीकडच्या स्टेशनाजवळ तलाव आहे. झालं माझं सांगून. आता तुम्ही."

मामांनी सिग्नलकडे बोट दाखवलं. "आधी गाड्या सोडतो."

"सोडा. पण त्याआधी ते कमरेचं सोडा. हमाल हसतायत."

आतलं मामांनी पुढेही कधी सांगितलं नाही. पण सांगण्याजोगं बरंच होतं, ते हळूहळू सांगू लागले. दिवंगत सभासदांच्या घरी कुणाचा नळ गळतोय, कुणाच्या मुलीला नोकरी हवीय, हे बघणं त्यांच्याकडे असे. मग रविवारी मामीही बरोबर जाऊ लागली. मामा शिडीवर आणि खालून मामीच्या सूचना. पुढे ते लॉजचे प्रमुख झाले, मग साऱ्या प्रांताचे उपप्रमुख, छातीवर पदकासकट. मामी म्हणायची, "नळ मीच बसवले, पदक यांना."

निवृत्तीनंतर तिनं त्यांना तलावावर नेलं. मामा पाण्याला घाबरतात हे तेव्हा कळलं. ते कठडा धरून उभे, मामी मधोमध उताणी तरंगतेय.

"या की!"

"येतो, येतो."

दोन उन्हाळे हे "येतो, येतो" चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी कठडा सोडला, हातपाय झाडत, नाकातोंडात पाणी जात कसेबसे तिच्यापर्यंत पोचले आणि तिचा खांदा धरून धापा टाकत म्हणाले, "पाहिलंस?"

मामीनं डोळे उघडले. "नाही हो, डुलकी लागली होती. पुन्हा या बघू!"