गुडघाभर पाणी

परवा नाशिक रोडला काकूच्या घरात शिरलो, तर उकडलेल्या कैरीचा वास आला आणि गंगापूर धरणाकाठचं आमचं जुनं घर आठवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिथे दिवसभर पाण्यात असायचो.

एका दुपारी काकू स्वयंपाक सोडून आली, साडी वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि लहान मुलीसारखी हसली. ओसरीवरून काका म्हणाले, "पोरांना भूक लागली असेल, बघ जरा." ती परत स्वयंपाकघरात गेली. आम्हीही तिच्या मागोमाग जेवायला पळालो.

परवा मी तिला म्हटलं, "काय सुंदर दिसायचं ना ते पाणी, काकू?"

"असेल," ती म्हणाली. "स्वयंपाकघराला त्या बाजूला खिडकीच नव्हती."